उबदार आवाजाचा ताळेबंद

मराठीत आवाजाला विशेषणांची वाण कधीच नव्हती. आवाज गोड असतो, खडा असतो, पहाडी असतो, किनरा असतो, घोगरा असतो. भाषणाची वेळ आली की नेमका बसलेलाही असतो. पण ‘उबदार’ आवाज माझ्या कानांवर चाळिशी उलटेपर्यंत आला नव्हता. उबदार म्हणजे शाल, गोधडी, फार तर मांडीवर येऊन बसलेले मांजर. अलीकडे मात्र ज्याच्या घरात व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर येतो, त्याच्या तोंडात हा शब्द येतोच. तबकडी लावून यजमान डोळे मिटतो आणि विचारतो, ‘‘ऊब जाणवते का?’’ पाहुणा बिचारा हातातल्या चहाच्या कपाला बोट लावून बघतो.

हा शब्द इंग्रजीतून जकात न भरता आलेला आहे. पण माझी तक्रार शब्दाबद्दल नाही. तक्रार आहे ती त्याच्या मागून येणाऱ्या दाव्याबद्दल. दावा असा, की व्हॉल्व्हमधून येते ते खरे गाणे आणि ट्रान्झिस्टरमधून येते ती त्याची झेरॉक्स. आता आपल्याकडे समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते, मिसळीची तर दर रविवारी होते. मग पगाराचा मोठा हिस्सा मोजून घरात आणलेल्या या काचेच्या कलावंताचीच तेवढी का होऊ नये? माझी पात्रता विचाराल तर मी बी.कॉम. आहे. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण थोडे खोलात गेल्यावर हा विषय शेवटी जमाखर्चाचाच निघाला, म्हणून धीर आला.

आधी कलावंताची ओळख. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तार तापते. तिच्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन उड्या मारून बाहेर पडतात आणि समोरच्या अ‍ॅनोडकडे धावत सुटतात. कारण अ‍ॅनोडवर दोन-तीनशे व्होल्टचे आमिष लावलेले असते. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंगने केलेला व्हॉल्व्ह एवढाच होता. वीज एका दिशेने जाऊ द्यायची, दुसरीकडून आली की ‘आज काउंटर बंद’ म्हणायचे. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने या दोघांच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली. तिला म्हणतात ग्रिड. ही ग्रिड म्हणजे साहेबांच्या केबिनबाहेरचा शिपाई. स्वतः तो काही करत नाही. पण त्याच्या भुवईच्या हालचालीवर आत जाणारी सगळी रांग थांबते किंवा सुटते. ग्रिडवरचा विजेचा दाब किंचित हलला की पलीकडचा मोठा प्रवाह त्याच तालावर हलतो. बारीक आवाज मोठा होतो तो असा. गंमत म्हणजे आपण काय केले आहे हे खुद्द डी फॉरेस्टला नीट उमगले नव्हते. नळीत उरलेल्या वायूमुळे हे सारे घडते, अशी त्याची समजूत होती. न समजता मोठी कामे करून जाणारी माणसे फक्त आमच्याच शाखेत आहेत असे मला वाटायचे, तसे नाही.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगाचा सगळा आवाज याच नळीतून गेला. रेडिओ तिच्यावर, सिनेमाचे थिएटर तिच्यावर, पुढे टीव्हीसुद्धा तिच्यावर. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले, तेव्हाच्या कितीतरी संचांच्या पोटात व्हॉल्व्हच होते. टीव्हीच्या व्हॉल्व्हचे नाव बहुधा ‘पी’ने सुरू व्हायचे : पीसीएल ८२, पीएल ३६, पीवाय ८८. हा ‘पी’ म्हणजे तापायला ३०० मिलिअ‍ॅम्पिअर घेणारी जात. या सगळ्यांच्या तापायच्या तारा दिवाळीच्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असत. त्यामुळे एकाची तार तुटली की सगळे काळेठिक्कर पडत आणि खरा मृत कोण हे शोधायला मेकॅनिक बोलवावा लागे. शिवाय ज्या काचेवर चित्र दिसे ती पिक्चर ट्यूब म्हणजेही एक अवाढव्य व्हॉल्व्हच.

आता माझा पहिला प्रश्न इथेच आहे. व्हॉल्व्हचा टीव्ही गेला, त्याबद्दल कोणी रडले का? ‘त्या चित्रात काय ऊब होती हो!’ असे म्हणताना तुम्ही कोणाला ऐकले आहे? नाही. कारण चित्रातली चूक दिसते. चित्र वर वर सरकू लागले, वृत्तनिवेदिकेचा चेहरा भोपळ्यासारखा पसरला, की घरातले शेंबडे पोरही सांगे, ‘‘बाबा, बिघडला!’’ कानांचे तसे नाही. कान हा भिडस्त अवयव आहे. डोळ्यांना विकृती दिसली की आपण मेकॅनिकला बोलावतो. कानांना भेटली की तिला ऊब म्हणतो आणि पाहुण्यांना बोलावतो.

विकृती हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. आत गेलेला आवाज आणि बाहेर आलेला आवाज यांत जो फरक पडतो त्याला तंत्रज्ञ लोक डिस्टॉर्शन म्हणतात; आमच्या भाषेत रोकड न जुळणे. आणि व्हॉल्व्हच्या आजच्या भक्तांना हे ठाऊक नसते, की व्हॉल्व्हच्या मूळ आचार्यांनी अख्खी हयात ही रोकड जुळवण्यात घालवली.

हॅरॉल्ड ब्लॅक या बेल कंपनीतल्या इंजिनिअरचेच पाहा. टेलिफोनच्या लांबच्या लायनीवर व्हॉल्व्हमागून व्हॉल्व्ह लावले की प्रत्येकाची विकृती साठत जाई आणि शेवटी पलीकडचा माणूस बोलतो आहे की गुळण्या करतो आहे ते कळेनासे होई. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदीच्या फेरीबोटीत त्याला उपाय सुचला. बाहेर आलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत पाठवायचा. मुळाशी ताडून पाहायचा. जेवढा फरक असेल तेवढा तिथल्या तिथे खोडायचा. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने तो टिपून काढला. लोकलमध्ये पत्ते कुटणाऱ्या आपल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी. अर्थात कल्पना डोक्यात यायला एक फेरीबोट पुरली तरी पेटंट हातात यायला १९३७ साल उजाडले. सरकारी टेबल नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच असते.

पुढे इंग्लंडमध्ये १९४५ साली हॅरॉल्ड लीकने आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचे नावच ‘पॉइंट वन’ ठेवले. पॉइंट वन म्हणजे विकृती ०.१ टक्का. हजार रुपयांत एका रुपयाची तफावत. असा कॅशियर मिळाला तर मी त्याची आरती करीन. १९४७ च्या एप्रिलमध्ये डी. टी. एन. विल्यमसनने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात केटी ६६ व्हॉल्व्हचा आपला आराखडा छापला : १५ वॉट ताकद आणि विकृती ०.१ टक्क्याच्याही आत. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बसून बांधला. पुढे १९५३ मध्ये पीटर वॉकरचा ‘क्वाड दोन’ आला. या वॉकरचे म्हणणे एवढेच, की आदर्श अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे सरळ तारेचा तुकडा. आवाज मोठा करावा, बाकी स्वतःचे काही घालू नये. थोडक्यात, चांगला पोस्टमन. पत्र पोचवायचे; वाटेत त्यात आपल्या दोन ओळी घालायच्या नाहीत.

म्हणजे बघा, व्हॉल्व्हवर ज्यांची खरी हुकमत होती त्यांनी ‘ऊब’ काढून टाकण्यासाठी रात्री जागवल्या. आणि आज त्यांच्याच नावाने उसासे टाकत आपण ती ऊब जास्तीत जास्त कशात मिळेल ते शोधत फिरतो. हे म्हणजे वारकऱ्याच्या स्मृतिदिनाला मटणाचा बेत करण्यासारखे आहे.

मग ही ऊब म्हणजे नेमके काय? इथे मला आपल्या तंबोऱ्याने मदत केली. षड्ज छेडला की त्याच्या पोटात इतर स्वरही उमटतात. दुप्पट कंपनांचा तार षड्ज, तिप्पट कंपनांचा वरचा पंचम आणि पाचपट कंपनांचा तो प्रसिद्ध स्वयंभू गंधार. सातवा मात्र आपल्या नेहमीच्या कुठल्याच स्वरात नीट बसत नाही. तो लग्नातल्या त्या एका काकांसारखा. आता एकच ट्रायोड व्हॉल्व्ह वापरून केलेला अ‍ॅम्प्लिफायर आवाजात स्वतःची भर घालतो ती मुख्यतः दुसऱ्या क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक स्वराला थोडासा त्याचाच वरचा जोडीदार. कानाला ते भरल्यासारखे वाटते. शिवाय ताकदीबाहेर गेल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू वाकतो, ट्रान्झिस्टर एकदम आपटतो. १९७३ साली रसेल हॅम याने ध्वनिशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात हाच फरक मोजून मांडला : अतिभाराखाली व्हॉल्व्हची चूक सुरात पडते, ट्रान्झिस्टरची बोचरी. पण हे अतिभाराखाली! ताकदीच्या आत चालणाऱ्या चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरची विकृती आता इतकी बारीक असते, की ती पकडायला कान नव्हे, यंत्रच लागते. जो कधी दारू पीतच नाही त्याला ‘प्याल्यावर हा फार गोंधळ घालतो’ म्हणून नावे ठेवण्यात काय अर्थ आहे?

आणि सुरात पडलेली चूकसुद्धा एकटा स्वर असेपर्यंतच सुरात असते. दोन स्वर एकदम गेले की हाच व्हॉल्व्ह त्यांची बेरीज आणि वजाबाकी करून तेही स्वर आत घुसडतो. षड्ज २४० कंपनांचा धरा आणि शुद्ध रिषभ २७० चा. बेरीज ५१०. तार सप्तकातला कोमल रिषभ असतो ५१२ च्या आसपास! म्हणजे गायिका जीव तोडून यमन गाते आहे आणि आपला काचेचा कलावंत मागच्या दाराने कोमल रिषभ आणून ठेवतो आहे. हलकाच असतो, मान्य. पण घरात शिरलेला चोरही हलक्या पावलांनीच येतो.

शेजारचे काका या पंथाचे कट्टर. त्यांच्याकडे ३०० बी व्हॉल्व्हचा, एकेरी अ‍ॅम्प्लिफायर आहे. हा व्हॉल्व्ह १९३८ साली अमेरिकेत थिएटरांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी निघाला. मोठ्या कर्ण्यांचे स्पीकर होते म्हणून तेवढ्या ताकदीत आख्खे थिएटर भरे. मी त्यांना भीत भीत म्हटले, ‘‘काका, पूर्ण आवाजात यात काही टक्के विकृती असते म्हणतात.’’

‘‘असू दे की,’’ काका म्हणाले. ‘‘तुझ्या बँकेत मी ठेव ठेवतो. मुद्दलापेक्षा सहा टक्के जास्त परत देतोस, तेव्हा मी त्याला विकृती म्हणतो का रे?’’

यावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. पण काकांच्या त्या अ‍ॅम्प्लिफायरचा जमाखर्च मी त्याच रात्री मांडला. ३०० बीची तार नुसती तापायला ५ व्होल्ट आणि १.२ अ‍ॅम्पिअर, म्हणजे ६ वॉट घेते. अ‍ॅनोडवर ३०० व्होल्टच्या वर दाब आणि ६० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह धरला तर आणखी वीसेक वॉट. गाणे चालू असो वा नसो, हा खर्च चालूच. आणि हाती येते काय, तर जेमतेम ८ वॉट. एवढा आस्थापना खर्च आणि एवढे उत्पन्न असलेली शाखा हेड ऑफिसने केव्हाच बंद केली असती. ऊब म्हणाल तर ती इथे खरोखरच आहे. उन्हाळ्यात काका त्या खोलीत गंजिफ्रॉकवर बसतात.

एका बाबतीत मात्र मी व्हॉल्व्हला पूर्ण गुण देतो. गिटारवाल्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. तिथे यंत्र गाणे ऐकवत नाही. यंत्र गाण्यात भाग घेते. व्हॉल्व्ह मुद्दाम ताकदीबाहेर नेऊन त्याचा जो भरडा आवाज निघतो तोच त्या वादकाला हवा असतो. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतो, ती तरी दुसरे काय आहे? पण जवारी लावायची ती तंबोऱ्याला. ऐकणाऱ्याच्या कानांना नव्हे. गवयाने लावलेली जवारी ध्वनिमुद्रणात आलेलीच आहे. तिच्यावर घरी बसून पुन्हा आपली जवारी चढवणे म्हणजे हॉटेलात आमटी आली की चव न घेता मीठ टाकण्यापैकी आहे.

‘‘पण व्हॉल्व्हमध्ये असे काही असते की जे मोजता येत नाही,’’ हा भक्तांचा शेवटचा किल्ला. तो १९८५ मध्येच पडला. बॉब कार्व्हर या अमेरिकी इंजिनिअरने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या समीक्षकांना आव्हान दिले : तुमच्या पसंतीचा कुठलाही उंची अ‍ॅम्प्लिफायर आणा, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टरवाला मी त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. त्यांनी अर्थातच व्हॉल्व्हचा निवडला. कार्व्हरने दोन्ही यंत्रांना एकच गाणे दिले, दोन्हींच्या उत्तरांची वजाबाकी केली आणि बाकी शून्याच्या जवळ येईपर्यंत आपल्या यंत्रात फेरफार करत राहिला. आम्ही महिनाअखेर करतो ते रिकन्सिलिएशन याहून वेगळे नसते. शेवटी समीक्षक बसले, ऐकले, पुन्हा ऐकले आणि त्यांना दोन्हींत फरक सांगता येईना. म्हणजे ऊब निर्वात पोकळीत राहत नाही. हवी असेल तर ती ट्रान्झिस्टरमध्येही कालवता येते.

तरीही व्हॉल्व्हचे एक मोठेपण आहे, आणि नेमके तेच त्याचे भक्त सांगत नाहीत. व्हॉल्व्ह हा अत्यंत प्रामाणिक प्राणी आहे. युरोपी पद्धतीत त्याची कुंडली त्याच्या नावातच असते. ईसीसी ८३ घ्या. ‘ई’ म्हणजे तापायला ६.३ व्होल्ट, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, दोनदा ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, ८ म्हणजे नऊ पिनांची बैठक. अमेरिकेत यालाच १२ एएक्स ७ म्हणतात. चालू आहे की नाही हे बहुधा वाकून पाहिले की कळते. गेला तर बैठकीतून उपटायचा, दुसरा खोचायचा. डाग द्यायला नको. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला दहावी नापास असला तरी ही विद्या त्याच्या बोटांत होती. आज आपण ज्या डब्या खिशात घालून फिरतो त्यांचे पोट उघडायलाही कंपनीची परवानगी लागते आणि बिघडल्यावर ‘नवीन घ्या’ एवढाच औषधोपचार उरतो. रडायचेच असेल तर यासाठी रडावे.

पण बाजाराने या प्रामाणिक प्राण्यालाही सोडलेले नाही. जुन्या काळी कंपन्या एकमेकींकडून व्हॉल्व्ह घेऊन त्यावर आपापला शिक्का मारत. त्यामुळे एकाच कारखान्यात जन्मलेली दोन भावंडे आज शिक्क्यानुसार वेगवेगळ्या भावाने जातात आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगते की थोरल्याचा आवाज अधिक रेशमी आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनवलेले व्हॉल्व्हही आता परदेशी हौशी लोक शोधत असतात. नवे व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके. रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये युद्धापाठोपाठ रशियाने निर्यात रोखली, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

आणि एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. जुन्या बाजारातून आणलेला संच घरी आल्या आल्या प्लगमध्ये खोचू नका. आतले कागदी कपॅसिटर पन्नास-साठ वर्षांत गळके झालेले असतात. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीन-चारशे व्होल्ट, टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर तर दहा-पंधरा हजार. आणि प्लग काढल्यावरही ते आत दबा धरून बसतात. म्हणूनच जुने मेकॅनिक चालू संचात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवत. तो हात पैसे सांभाळत नसे, जीव सांभाळत असे. तेव्हा जाणकाराला दाखवा, मगच लावा.

तर समीक्षेचा निकाल असा. व्हॉल्व्ह दिसायला सुंदर आहे, वागायला प्रामाणिक आहे, खायला उधळ्या आहे आणि गाण्यात थोडी पदरची भर घालणारा आहे. ती भर आवडली तर खुशाल आवडू द्या. आवडीला कारण लागत नाही. माणसे सासुरवाडीचीसुद्धा स्तुती करतात. फक्त ‘मला आवडते’ म्हणायची लाज वाटते म्हणून ‘हेच खरे आहे’ म्हणू नका. ज्यांनी खऱ्यासाठी आयुष्य झिजवले त्या ब्लॅक-विल्यमसन मंडळींचा त्यात अपमान होतो, आणि उद्या कोणीही शिक्का मारून तुम्हाला काहीही विकू शकतो. रक्कम तीच, पण खाते बरोबर लावावे. ऊब ‘आवड’ खात्यावर टाका. ‘सत्य’ खात्यावर टाकलीत तर ताळेबंद जुळणार नाही. आणि न जुळलेला ताळेबंद घेऊन रात्री आठपर्यंत बसायला काय होते, ते मला विचारा.